कादंबरीतलं पानिपत, पत्रांतलं पानिपत. तुम्ही सध्या काय वाचताय?

पानोपानी

गेले काही महिने माझं वाचन पानिपतापाशीच घोटाळतंय. विश्वास पाटलांची 'पानिपत' पुन्हा वाचून काढली. ती संपल्यावर चैन पडेना म्हणून त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' घेतलं, आणि तेवढ्यावरही भागेना तेव्हा राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड उघडला. तिन्ही पुस्तकं एकाच लढाईची, पण वाचून होणारा परिणाम इतका वेगळा की कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही.

कादंबरी १९८८ची. तिचं मोठं काम म्हणजे भाऊसाहेबांवर, म्हणजे पानिपतावरच्या मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊंवर, पिढ्यान्‌पिढ्या बसलेला शिक्का तिने पुसला. हट्टी, गर्विष्ठ, कुणाचं न ऐकणारा, बायकामुलांचं लटांबर घेऊन रणात गेलेला, असेच भाऊ बहुतेकांच्या मनात होते. पाटलांनी त्यांना जबाबदारीच्या ओझ्याखाली वाकलेला, तरी मागे न हटणारा माणूस केलं. छावणीतल्या उपासमारीची पानं वाचून मी पुस्तक खाली ठेवलं होतं, पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

शेजवलकरांकडे असा गहिवर नाही. पण ते वाचताना नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. ऑगस्ट १७६०च्या सुरुवातीला दिल्ली मराठ्यांच्या हाती आली. अफगाणांचा बादशहा अब्दाली यमुनेपलीकडे अनूपशहरला, आणि यमुनेला पूर. दोन्ही सैन्यं पाण्याच्या दोन तीरांवर अडकून पडलेली. ऑक्टोबरात भाऊ उत्तरेला कुंजपुऱ्यावर चालून गेले, ते ठाणं जिंकलं, धान्यसाठा हाती लागला. आणि नेमक्या त्याच सुमाराला अब्दाली बागपतजवळ नदी उतरून अलीकडे आला. आता मराठे उत्तरेला, अब्दाली दक्षिणेला. दिल्ली, रसद, घरची वाट, सगळं त्याच्या पाठीमागे. शाळेच्या पुस्तकात १४ जानेवारी १७६१ ही तारीख असते, संक्रांतीचा उल्लेख असतो. त्याआधीचे अडीच महिने फास कसा आवळत गेला ते नसतं, आणि मला तर आता तेच खरं पानिपत वाटतं.

पण सगळ्यात जास्त हलवलं ते राजवाड्यांच्या खंडातल्या पत्रांनी. हा खंड १८९८चा. त्यात भाऊंनी मराठ्यांच्या उत्तरेतल्या मामलेदाराला, गोविंदपंत बुंदेल्यांना, लिहिलेली पत्रं आहेत. विषय काय, तर इटाव्याकडे नावा गोळा करा, पैसा पाठवा, अब्दालीला पोचणारी रसद मारा. पुन्हा नावा, पुन्हा पैसा. टाळी घेणारं एक वाक्य नाही. एका अफाट फौजेचा सेनापती नावांची आणि रुपयांची वाट बघतोय, आणि वाचणाऱ्याला माहीत आहे की गोविंदपंत डिसेंबरात मारले जाणार आहेत, म्हणजे गंगा-यमुनेच्या दुआबातून यायची ती मदतही संपणार आहे. हे वाचून जे पोटात कालवतं, ते कादंबरीतल्या एकाही संवादाने झालं नाही.

आता माझा प्रश्न. पत्रं वाचताना माझ्या कानात आवाज पाटलांच्या भाऊंचाच येतो. तो आवाज कादंबरीकाराने दिलेला आहे, कागदांत तो नाही. तुम्ही कोणत्या क्रमाने वाचता? कादंबरी आधी की इतिहास आधी? आणि ज्याने स्वतः पाहिलं त्यानेच लिहिलेलं मराठीत काही असेल तर आवर्जून सुचवा. मला सध्या त्याचीच भूक आहे.

ऐलपैल

पानिपतातच राहायचं असेल तर नाना फडणीसांचं आत्मचरित्र घ्या. 'चरित्र' म्हणायचं इतकंच, काही पानांचा मजकूर आहे. नाना तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते, आई आणि बायको बरोबर होत्या. पराभवानंतर अंगावरचे कपडे टाकून, लंगोटी लावून ते निसटले. बायको वाचली, आई गेली. पुढे चाळीस वर्षं ज्याच्या शहाणपणाचा दबदबा होता त्या माणसाने स्वतःची भीती आणि तरुणपणीची मनाची ओढाताण इतक्या उघडपणे लिहून ठेवली आहे की मी थक्क झाले.

पण तुम्ही म्हणता तशी भूक खरी भागवेल ते गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल असं ऐकून १८५७मध्ये काकांबरोबर उत्तरेला निघाले. वाटेत महूच्या बाजूला शिपाई भेटले, त्यांनी सांगितलं की आता बंड होणार, मागे फिरा. हे फिरले नाहीत. आणि मग झाशीच्या वेढ्यात अडकले.

मार्च-एप्रिल १८५८मधली झाशी आपण कुठल्या कुठल्या पुस्तकांतून वाचलेली असते. गोडसे ती आतून सांगतात. इंग्रज फौज गावात शिरल्यावर लूट कशी टप्प्याटप्प्याने झाली ते सांगतात: आधी सोनं-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे, मग धान्यसुद्धा. राजवाड्यातल्या पुस्तकालयाची धूळधाण झाली त्याचं दुःख त्यांनी वेगळं लिहिलं आहे. पोथ्यांवर ज्याचं पोट आणि जीव दोन्ही होतं त्यालाच ते दिसणार.

आणि काल्पीच्या वाटेवरचा तो प्रसंग. झाशी पडल्यानंतर राणी पठाणी पोशाखात, धुळीने भरलेली, तहानलेली विहिरीपाशी येते. भटजी पाणी काढायला पुढे होतात तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. आणि ओंजळीने पिते. मग स्वतःबद्दल म्हणते की मी अर्ध्या शेर तांदळाची धनीण, मला विधवेला हा उद्योग करायची गरज नव्हती. कुठल्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा असं हे पान आहे, आणि ते दक्षिणेसाठी घराबाहेर पडलेल्या एका कर्जबाजारी भिक्षुकाने लिहिलंय. क्रमाचं विचाराल तर आधी हे वाचा, १८५७वरच्या कादंबऱ्या सावकाश मागून वाचा.

जुनी_पोथी

मी ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणं थांबवलं आहे. त्यातले संवाद लोक इतिहास म्हणून सांगत सुटतात, याचा मला मनापासून त्रास होतो. रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) माझीही एके काळी अत्यंत लाडकी. पण माधवराव पेशवे म्हटलं की आज दहातल्या नऊ जणांना रमाबाई आणि थेऊरचा अखेरचा प्रवास तेवढा आठवतो. १७६३चं राक्षसभुवन, निजामाचा पराभव, चुलत्याशी चाललेला झगडा, पानिपतानंतर अवघ्या अकरा वर्षांत सावरलेलं राज्य, हे सगळं मागे पडतं. १८ नोव्हेंबर १७७२ला हा माणूस सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेला. ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफने लिहून ठेवलंय की पानिपताइतकाच घाव या मृत्यूने मराठी राज्याला बसला. ते वाक्य समजायला कारभार कळावा लागतो, आणि कादंबरीत कारभार फारसा मावत नाही.

अपवाद म्हणून एकच सांगेन: 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांनी लिहिलेली प्रस्तावना. ती देसाईंना लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. कोणत्या साधनावर किती विसंबायचं आणि महाराजांचं मोठेपण नेमकं कशात शोधायचं, याची इतकी सडेतोड चर्चा मी दुसरीकडे कुठल्या कादंबरीच्या दारात पाहिली नाही. कादंबरी वाचा न वाचा, ती पानं सोडू नका.

मोडीलिपी

जुनी_पोथी, तुमचा त्रास समजतो, पण दोष सगळा कादंबरीवर टाकणं मला पटत नाही. संभाजीराजांचं उदाहरण घ्या. त्यांची व्यसनी, बेजबाबदार ही प्रतिमा कादंबऱ्यांनी तयार केली नाही. ती बखरींतून आली आणि नाटकांनी पसरवली. मल्हार रामराव चिटणीसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे राजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. आणि ज्या बाळाजी आवजी चिटणीसांना संभाजीराजांनी १६८१मध्ये देहदंड दिला, त्यांच्याच घराण्यातला हा बखरकार. त्याला आपण किती काळ पुरावा मानत राहिलो!

ते चित्र बदललं वा. सी. बेंद्रे यांनी. एका चरित्रासाठी अनेक वर्षं देशोदेशीचे कागद धुंडाळले आणि १९६०मध्ये ग्रंथ आणला. पाठोपाठ १९७१मध्ये कमल गोखल्यांचा 'शिवपुत्र संभाजी' आला. शिवाजी सावंतांची 'छावा' त्यानंतरची, १९७९ची. म्हणजे संशोधकाने आधी जागा साफ केली आणि मग कादंबरीने ती घरोघर पोचवली. बेंद्र्यांचा ग्रंथ किती जणांनी वाचला असेल? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना नवे संभाजीराजे कादंबरीतूनच भेटले, आणि त्यातल्या काही जणांनी मग बेंद्रे शोधून वाचले. मीही त्यातलाच.

संवादांबद्दल अजून एक. दत्ताजी शिंद्यांचं 'बचेंगे तो और भी लडेंगे' आपण सगळे छाती भरून सांगतो. ते 'भाऊसाहेबांच्या बखरी'तलं आहे. जानेवारी १७६०, बुराडी घाट. विचारणारा अब्दालीच्या बाजूचा कुतुबशहा, उत्तर देणारा दत्ताजी. दत्ताजी तिथेच गेला, आणि कुतुबशहालाही मराठ्यांनी त्याच वर्षी कुंजपुऱ्याला मारलं. बखरकाराच्या कानापर्यंत हे शब्द कुणी पोचवले? कदाचित आसपास कुणी असेलही. पण मला वाटतं बखरकार तिथे तेच करत होता जे पुढे कादंबरीकारांनी केलं: त्या माणसाच्या तोंडी शोभेल असं वाक्य त्याने त्याला दिलं. आणि तरीही ते वाक्य मला प्राणापलीकडे प्रिय आहे. बखरीतलं म्हणून वाचतो, पत्रातलं म्हणून वाचत नाही, एवढंच.

पानोपानी

मोडीलिपी, कुतुबशहाचा धागा असा जोडलेला मी कुठे वाचला नव्हता. कुंजपुऱ्याच्या विजयाकडे आता वेगळ्याच नजरेने बघेन. तिथे धान्यसाठ्याइतकाच दत्ताजीचा सूडही होता.

जुनी_पोथी, 'कारभार मावत नाही' हे तुमचं म्हणणं मला अर्धं पटलं. गोविंदपंतांना लिहिलेली पत्रं म्हणजे निव्वळ कारभार, आणि मला तर त्यातच भाऊ सगळ्यात जिवंत वाटले. एखाद्या कादंबरीकाराने फक्त त्या नावांवर आणि न आलेल्या पैशांवर प्रकरण लिहावं असं फार वाटतं. त्या पत्रांवरूनच राजवाड्यांनी गोविंदपंतांना आणि मल्हारराव होळकरांना दोषी धरलं, तेही मला जड गेलं. पूर आलेल्या नदीवर नावा जमवायच्या कशा, हा प्रश्न गोविंदपंतांच्या बाजूनेही कुणीतरी विचारायला हवा.

शेजवलकरांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांना शिवचरित्र लिहायचं होतं. ते पुरं व्हायच्या आत १९६३मध्ये ते गेले. हाती राहिली ती संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधनं. तेवढंच 'श्री शिवछत्रपती' म्हणून छापलं गेलं आणि १९६६चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. न लिहिलेल्या चरित्राची ती तयारी वाचताना फार हळहळ वाटते. कुरुंदकरांची प्रस्तावना आणि ही, दोन्ही शेजारी ठेवून वाचायचा विचार आहे.

ऐलपैल, 'माझा प्रवास' उद्याच मागवतोय. आवृत्त्या बऱ्याच दिसतात. कुठली घेऊ?

ऐलपैल

दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये मूळ हस्तलिखितावरून केलेली बघा, किंवा तिच्यावरून पुढे निघालेली कुठलीही. गोडशांनी हे लिहिलं चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, १८८३च्या आसपास. मात्र आपण गेल्यावरच छापा अशी अट घातली होती. वैद्यांनी १९०७मध्ये ते काढलं, पण स्वतःचा हात फिरवून, काटछाट करून. पोतदारांच्या प्रतीत भटजींची भाषा त्यांचीच राहिली आहे. सुरुवातीची काही पानं जुन्या वळणामुळे अडखळायला होईल, पण चिकटून राहा, महूपर्यंत पोचलात की पुस्तक सुटत नाही.