बार्बीला अमेरिकेने का वाचवलं?

क्लाउस बार्बी, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या ल्याँ शहराचा गेस्टापो (नाझी जर्मनीचे गुप्त पोलीस) प्रमुख, लोकांचा छळ करणारा माणूस, त्याला १९४७ मध्ये अमेरिकन लष्कराच्या गुप्तचरांनी कामावर घेतलं म्हणे, खरंय का? आणि का?

– खरंय. त्यांना कम्युनिस्टांची माहिती हवी होती. फ्रान्स त्याला मागत होता तरी दिला नाही, उलट १९५१ मध्ये खोट्या नावाने बोलिव्हियाला पाठवला. १९८३ मध्ये फ्रान्सच्या हाती लागला, तेव्हा अमेरिकेने माफी मागितली. १९८७ मध्ये जन्मठेप झाली, पण तोवर किती साक्षीदार गेले असतील हो, राग येतो खूप.

– जपानी लष्कराच्या युनिट ७३१ चा, म्हणजे जैविक शस्त्रांवर काम करणाऱ्या तुकडीचा, प्रमुख इशी पण बघा, माणसांवरच्या प्रयोगांचा डेटा अमेरिकेला देऊन सुटला, खटलाच नाही!