होमन ओबामांच्याच काळात वर आले
अमेरिकेत बेकायदा स्थलांतरितांवरच्या कारवाईचा चेहरा असलेले अधिकारी टॉम होमन म्हणजे ट्रम्प यांनी उभा केलेला माणूस, असं म्हटलं जातं; ते मत मला पटलं नाही. १९८४ पासून ते याच कामात आहेत, सुरुवात बॉर्डर पेट्रोल या सीमेवर गस्त घालणाऱ्या दलातून. देशभरातल्या धरपकडीची आणि हद्दपारीची सूत्रं त्यांच्याकडे आली २०१३ मध्ये, ओबामा असताना. वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांना दिला जाणारा प्रेसिडेन्शियल रँक अवॉर्डही त्यांना तेव्हाच, २०१५ मध्ये मिळाला.

२००३ मध्ये टेक्सासात व्हिक्टोरियाजवळ बंद ट्रेलरमध्ये कोंडून १९ स्थलांतरित मेले, त्यात वडिलांसोबतचा पाच वर्षांचा मुलगाही होता. आपल्या कठोरपणामागे हा प्रसंग आहे, असं होमन वारंवार सांगतात. ती कळकळ खोटी नसेलही. पण सीमेवर पकडलेल्या स्थलांतरितांची लेकरं आईबापांपासून तोडणाऱ्या २०१८ च्या धोरणाच्या शिफारशीवर याच माणसाची सही आहे, ते मला अजिबात पचत नाही.