पुण्यात डिझाइन झालेली जेव्हीपीसी कार्बाइन (आखूड नळीची बंदूक) लष्करानं घेतली नाही, हे बरोबर झालं का?

दख्खनी
डिसेंबर २०२५ मध्ये सव्वाचार लाख सीक्यूबी (अगदी जवळच्या लढाईच्या) कार्बाइनचा करार झाला. ६० टक्के पुण्याची भारत फोर्ज बनवणार, ४० टक्के पीएलआर सिस्टिम्स ही कंपनी. रक्कम २,७७० कोटी, म्हणजे नगामागे साधारण ६५ हजार. भारत फोर्जच्या कार्बाइनचं डिझाइनही पुण्याच्या एआरडीईशी (डीआरडीओच्या शस्त्र प्रयोगशाळेशी) जोडलेलं आहे, त्याचा आनंद आहेच. राग वेगळ्या गोष्टीचा आहे. त्याच एआरडीईची जेव्हीपीसी डिसेंबर २०२० मध्येच लष्कराच्या शेवटच्या चाचणीत पास झाली होती. वजन तीन किलोच्या आसपास, मिनिटाला ७०० हून जास्त गोळ्या, एका हातानंही फायर करता येते. बनणार कानपूरला, गोळी खडकीच्या कारखान्यातली. जेमतेम तीन महिने आधी अमिरातीच्या काराकल कंपनीकडून ९३,८९५ कार्बाइन तातडीनं घ्यायचा बेत रद्द झाला होता. गरज होती, हत्यार तयार होतं, तरी जवानाला पाच वर्षं ताटकळत ठेवलं. हे मला पटत नाही.

पायदळवाला
दख्खनीसाहेब, पास झाली म्हणजे घेतलीच पाहिजे असं नसतं. जेव्हीपीसीचा पल्ला शंभर मीटरच्या थोडा वर. नव्या कार्बाइनला २०० मीटरची अट आहे. गल्लीतून पळालेला अतिरेकी समोरच्या टेकाडावर गेला की शंभर मीटर कधीच संपतात. आणि तिची गोळी ५.५६×३० (पहिला आकडा गोळीचा व्यास, दुसरा काडतुसाच्या नळकांड्याची लांबी, मिमीमध्ये), जी पलटणीत दुसरं कुठलंच हत्यार खात नाही. ऐन चकमकीत शेजारच्याकडून मॅगझीन मागायची सोय नाही.

खडकीकर
पल्ल्याचं मान्य. पण आखूड नळीतून नव्या कार्बाइनची ५.५६×४५ झाडली की काय होतं तेही सांगा ना. बारूद नळीत पूर्ण जळत नाही, तोंडाशी मोठी ज्वाळा निघते, आणि बंद खोलीत आवाजानं कान बधिर होतात. गोळीचा वेगही पडतो. ३० मिमीच्या काडतुसात बारूदच कमी, धक्का कमी, दुसरी गोळी पटकन नेमावर. अंगावरच्या चिलखतापुढे जुनी ९ एमएम स्टर्लिंग कार्बाइन कमी पडते म्हणूनच तर ही गोळी काढली होती. खोलीतल्या लढाईसाठी हेच हत्यार योग्य होतं.

पायदळवाला
खोली साफ करणारा जवान त्याच खोलीत राहत नाही हो! बाहेर पडल्यावर त्याच हातात तेच हत्यार असतं. ज्वाळेवर सप्रेसरचा (नळीच्या तोंडाला लावायच्या, ज्वाळा-आवाज दाबणाऱ्या जोडाचा) इलाज आहे, पल्ल्यावर इलाज नाही. शिवाय रायफलींत एके-२०३ ची ७.६२×३९ आणि सिगची ७.६२×५१ आल्या आहेतच, जुन्या इन्सासची ५.५६×४५ आहे. त्यात चौथी गोळी कशाला?

खडकीकर
इन्सास तर जाणारच आहे. मग ५.५६×४५ पायदळात उरणार ती मुख्यतः या कार्बाइनपुरतीच. म्हणजे वेगळी गोळी वागवायची ती वागवायचीच.

पायदळवाला
इन्सास एका रात्रीत जात नाही. आणि ५.५६×४५ निम्म्या जगात बनते, अडचणीच्या वेळी कुठूनही मिळेल. ३० मिमीचं तसं नाही.

दख्खनी
गोळीचा मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयानंच जाहीर केलं होतं की जेव्हीपीसी जीएसक्यूआरच्या (लष्कराच्या गरजांच्या यादीच्या) सगळ्या अटींत बसली. त्या अटी लष्करानंच लिहिल्या होत्या. २०० मीटर आणि पलटणीतली गोळी इतकी महत्त्वाची होती, तर ती अट पहिल्याच कागदावर का नव्हती? पाषाणच्या एआरडीईवाल्यांनी मग तेच बनवलं असतं.