ब्राउझरमध्ये सारखी स्क्रिप्ट एरर येते, शोध कुठून सुरू करावा?

पागोळी:
विंडोज १०, क्रोम अपडेट केलेला आहे. दोन त्रास आहेत. काही साइटवर बटण दाबलं तरी हू की चू होत नाही, फॉर्म पुढे सरकत नाही. मधूनच 'पेज अनरिस्पॉन्सिव्ह' अशी चौकट येते. दुसरं म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं की 'स्क्रिप्ट एरर' नावाची छोटी खिडकी उघडते. तिच्यात लाइन, कॅरेक्टर, एरर, कोड, यूआरएल अशा ओळी असतात आणि पुढे स्क्रिप्ट चालू ठेवायच्या का, असं विचारलेलं असतं. 'येस' दाबा की 'नो', ती परत येतेच. कॅशे साफ करून झाला. क्रोम काढून पुन्हा टाकू का?

वायरमन:
क्रोम काढू नका. नुसतं अनइन्स्टॉल केलं तर प्रोफाइल, म्हणजे तुमच्या सेटिंग आणि साठवलेली माहिती, डिस्कवर तसंच राहतं. प्रोफाइल पुसलं तरी लॉगिन करून सिंक सुरू केलं की तीच एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) परत येतात. म्हणजे तासभर खर्ची पडतो आणि दुखणं जागच्या जागी.

तुमचे दोन त्रास वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. आधी क्रोमचं बघू.

कंट्रोल+शिफ्ट+एन दाबून इन्कॉग्निटो उघडा आणि तीच साइट, तेच बटण वापरून पाहा. तिथे एक्स्टेन्शन मुळात बंद असतात आणि जुन्या कुकीही नसतात. तिथे बटण चाललं, तर दोष साइटचा नाही, तुमच्या प्रोफाइलमधल्या कशाचा तरी आहे. तिथेही अडलं, तर एक्स्टेन्शनच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

पुढची पायरी कन्सोल, म्हणजे पानाच्या स्क्रिप्टमधल्या (पान चालवणाऱ्या कोडमधल्या) चुका जिथे नोंदल्या जातात ती जागा. बिघडलेल्या पानावर एफ१२ दाबा, 'कन्सोल' टॅब उघडा, पान रीलोड करा, मग ते बटण दाबा. लाल ओळी येतील. बहुतेक जण फक्त डावीकडचा मजकूर वाचतात, पण उजव्या टोकाला फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो, खरी खूण तीच. त्यावर माउस नेला की पूर्ण पत्ता दिसतो. पत्ता 'क्रोम-एक्स्टेन्शन'ने सुरू होत असेल, तर त्यापुढची ३२ अक्षरं म्हणजे त्या एक्स्टेन्शनचा आयडी. एक्स्टेन्शनच्या पानावर 'डेव्हलपर मोड' चालू केला की प्रत्येकाखाली आयडी दिसतो. जुळवा आणि तेवढं एकच बंद करा.

पत्त्यावरून कळलं नाही तर निम्मी एक्स्टेन्शन बंद करून बघा. त्रास थांबला तर दोषी त्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यांत. पुन्हा निम्मी करा. १६ असली तरी चार फेऱ्यांत नाव हाती लागतं.

ओसरी:
वायरमन यांच्या उत्तराला जोडून: लाल ओळ कशी वाचायची तेही सांगते, कारण मजकुरावरून कारण बरंच कळतं.

'डॉलर इज नॉट डिफाइन्ड' दिसलं तर जेक्वेरी ही लायब्ररी (अनेक साइट वापरतात तो तयार कोड) पोहोचलेलीच नाही. बटणाची स्क्रिप्ट तिच्यावर अवलंबून, म्हणून तीही कोसळली. अशा वेळी एररच्या वरच्या ओळी बघा. 'ब्लॉक्ड बाय क्लायंट' असेल तर जाहिरात अडवणाऱ्या एक्स्टेन्शनने फाइल रोखली आहे. त्या साइटपुरती सूट द्या. सर्टिफिकेटच्या तारखेची तक्रार असेल तर आधी कॉम्प्युटरचं घड्याळ तपासा. तारीख चुकीची असली की सुरक्षित जोडणीवरून फाइल उतरत नाही.

'अनएक्स्पेक्टेड टोकन' (अनपेक्षित चिन्ह) आणि पुढे कोनाकार कंस (<) असेल तर मामला वेगळा. ब्राउझरने स्क्रिप्ट मागितली आणि सर्व्हरने तिच्या जागी एचटीएमएल पान पाठवलं. ते बहुधा 'फाइल सापडत नाही'चं किंवा लॉगिनचं असतं. एचटीएमएल कोनाकार कंसाने सुरू होतं, म्हणून स्क्रिप्ट पहिल्याच अक्षराला अडखळते. साइटवर नवी आवृत्ती चढली आणि तुमच्याकडे पान मात्र जुनंच राहिलं, की हे हमखास होतं: जुनं पान ज्या फाइलचं नाव घेतं ती आता तिथे नसते. कंट्रोल+शिफ्ट+आर करून बघा. नंतर साध्या रीलोडला पुन्हा जुनंच येत असेल तर बहुधा त्या साइटचा सर्व्हिस वर्कर (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली, पानं साठवून देणारी स्क्रिप्ट) पान धरून बसला आहे. एफ१२, 'ॲप्लिकेशन' टॅब, 'स्टोरेज', 'क्लिअर साइट डेटा'. फक्त त्या एका साइटचं साठवण पुसलं जातं, तिथलं लॉगिन जातं, बाकीच्यांना धक्का नाही. सगळ्या ब्राउझरचा कॅशे पुसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

कंसाच्या जागी प्रश्नचिन्ह असेल तर बहुतेक वेळा ब्राउझर जुना असतो. नव्या स्क्रिप्टमधली दोन प्रश्नचिन्हांची जोडी क्रोमला ८०व्या आवृत्तीपासून कळते. तुमचा अपडेटेड आहे, पण विंडोज ७वर क्रोम १०९पाशी थांबला, हे वाचणाऱ्या इतरांनी लक्षात ठेवावं.

पागोळी:
इन्कॉग्निटोत सगळं नीट चालतं. आयडी जुळवल्यावर किमतींची तुलना करणारं एक एक्स्टेन्शन निघालं. ते बंद केल्यावर फॉर्म जातो. 'पेज अनरिस्पॉन्सिव्ह' मात्र एका साइटवर अजून येतं. आणि ती हिशेबाची खिडकी?

वायरमन:
अनरिस्पॉन्सिव्ह म्हणजे स्क्रिप्ट चुकली असं नाही, ती संपत नाहीये. पानाची जावास्क्रिप्ट आणि क्लिक-स्क्रोल एकाच धाग्यावर चालतात. स्क्रिप्टने तो अडवला की पान गोठतं. शिफ्ट+एस्केप दाबून क्रोमचा टास्क मॅनेजर उघडा आणि त्या टॅबची मेमरी आणि सीपीयू बघा. सीपीयू सतत १००च्या आसपास असेल तर स्क्रिप्ट चक्रात अडकली आहे, टॅब बंद करा. मेमरी वाढतच चालली असेल तर साइटची गळती आहे, म्हणजे वापरलेली मेमरी ती परत सोडत नाही, ती साइटवाल्यांनीच बुजवायची. फायरफॉक्समध्ये 'डॉम डॉट मॅक्स स्क्रिप्ट रन टाइम' ही सेटिंग १० सेकंदांवरून वाढवा असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने चौकट उशिरा येते, पान हलकं होत नाही.

जुनी_फाइल:
हिशेबाच्या खिडकीचा क्रोमशी काहीही संबंध नाही. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ला निवृत्त झाला, पण त्याचं इंजिन विंडोजमध्ये आहे आणि जुनी सॉफ्टवेअर आपल्या खिडकीत पान दाखवायला तेच वापरतात. सॉफ्टवेअरने वेगळं सांगितलं नसेल तर ते इंजिन एक्सप्लोरर ७ असल्यासारखं वागतं. आजची स्क्रिप्ट त्याला झेपत नाही.

खिडकी गप्प करायची तर: कंट्रोल पॅनल, 'इंटरनेट ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड'. 'डिसेबल स्क्रिप्ट डीबगिंग'च्या दोन्ही खुणा ठेवा, 'डिस्प्ले अ नोटिफिकेशन अबाउट एव्हरी स्क्रिप्ट एरर'ची खूण काढा. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. चूक आत तशीच राहते, त्यामुळे एखादा भाग कोरा दिसू शकतो.

तो भाग लागतच असेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, 'रेजएडिट'ने उघडतो) 'फीचर ब्राउझर एम्युलेशन' ही की आहे. करंट युजरखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, इंटरनेट एक्सप्लोरर, मेन, फीचर कंट्रोल असा तिचा मार्ग. आधी रजिस्ट्री एक्स्पोर्ट करून ठेवा. तिथे प्रोग्रॅमच्या ईएक्सई फाइलच्या अचूक नावाने नवी डीवर्ड (आकडा साठवणारी) व्हॅल्यू करा आणि ११००१ टाका. टाकताना 'डेसिमल' निवडायला विसरू नका. चौकट आपोआप हेक्साडेसिमलवर असते, तशीच ठेवली तर भलताच आकडा साठतो आणि काहीच बदलत नाही. याने एक्सप्लोरर ११सारखं वागणं मिळतं, त्याच्या पुढे जाता येत नाही. त्यामुळे आधी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आहे का ते बघा. वेबव्ह्यू२ (मायक्रोसॉफ्ट एजवर आधारलेलं नवं इंजिन) वापरणारी असेल तर रजिस्ट्रीला हात लावायची गरजच नाही.

पागोळी:
खुणा बदलल्या, खिडकी थांबली. मदतीचं पान कोरं आहे, ते चालेल. नवी आवृत्ती मागवते.