कर्करोग ही बुरशी आहे का? दावा, औषधे आणि खरे नाते

उलटतपासणी (धागाकर्ता)

कर्करोग म्हणजे शरीरात खोलवर रुजलेली कँडिडा ही बुरशी, आणि खाण्याच्या सोड्याचे द्रावण शिरेवाटे किंवा थेट गाठीपाशी सोडले की ती मरते, हा इटलीतील तुलिओ सिमोंचिनी यांचा दावा अनेकांनी ऐकला असेल. तो दावा मी जसाच्या तसा स्वीकारत नाही; परंतु तो ज्या घाईने निकालात काढला जातो ती घाई मला शास्त्रीय वाटत नाही, म्हणून हा धागा.

जठरातील व्रण ताणाने आणि आम्लाने होतात, असे दीर्घकाळ शिकवले जात होते. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जीवाणू दाखवला, १९९४ साली तोच हेलिकोबॅक्टर पायलोरी कर्करोगकारक ठरवला गेला आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागील विषाणूसाठी हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली तोच मान मिळाला. जीवाणू चालतो, विषाणू चालतो, मग बुरशीनेच काय घोडे मारले?

दुसरे असे की कर्करोगाच्या रुग्णांत कँडिडा वारंवार सापडते: तोंडात, अन्ननलिकेत, कधी रक्तातही. तिसरे, गाठीभोवतीचे वातावरण आम्लधर्मी असते. चौथा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. इट्राकोनाझोल हे बुरशीवरचे औषध त्वचेच्या बेसल सेल कर्करोगात देऊन पाहिले, तेव्हा गाठींचा आकार सरासरी २४ टक्क्यांनी घटला. बुरशीचे औषध जिथे लागू पडते तिथे बुरशी नाहीच, हे कशाच्या जोरावर म्हणायचे?

सूक्ष्मदर्शक

सिमोंचिनी यांचे नाव इटलीच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले आणि रुग्णाच्या मृत्यूप्रकरणी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, हे वाचकांना ठाऊक असावे. तरी एखादा माणूस दोषी ठरला म्हणून त्याचा सिद्धांत आपोआप खोटा ठरत नाही, हे मान्य करून केवळ सिद्धांताकडे पाहू.

माझे काम प्रयोगशाळेतील आहे. त्वचेवर गजकर्णाची शंका असेल तर चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात आणि त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडतात. हा क्षार इतका दाहक असतो की थोड्याच वेळात माणसाच्या त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात. शिल्लक काय राहते? बुरशीचे फांद्या फुटलेले धागे, स्वच्छ आणि शाबूत, कारण त्यांच्या भोवती कायटिनची भिंत असते. म्हणजे ज्या क्षारात आपल्या पेशी वितळतात त्यात बुरशी टिकून राहते, आणि ती टिकते म्हणूनच आम्हाला दिसते. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू (पीएच) जेमतेम ८.३ असतो. त्याने शरीराच्या आत बुरशी मरेल आणि शेजारच्या पेशींना धक्काही लागणार नाही, ही कल्पना ही एक काचपट्टी पाहिल्यावर तरी सोडून द्यावी लागते. भरीस भर म्हणजे, कँडिडा आम्लधर्मी परिसरात बहुधा गोल यीस्टच्या रूपात राहते आणि सामू उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी झाला की ऊतींत घुसणारे लांब धागे सोडू लागते.

आता आम्लतेबद्दल. गाठीतील पेशी ग्लुकोजचे रूपांतर मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक आम्लात करतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवले होते. ती आम्लता गाठीनेच निर्माण केलेली आहे. रक्ताचा सामू शरीर ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखते; पोटात घेतलेल्या सोड्याचा जादा भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात, आणि शिरेतून भरमसाट दिला तर रक्तातील पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते.

रुग्णांत कँडिडा सापडते हे खरेच आहे, पण आधी काय आणि नंतर काय ते पाहावे. केमोथेरपीने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि बुरशीला रोखणारी पहिली फळीच त्यांची असते. आतड्यात आणि तोंडात आधीपासून निमूट राहणारी कँडिडा मग डोके वर काढते. ज्यांना कर्करोग नाही, पण प्रतिकारशक्ती अन्य कारणाने ढासळली आहे, त्यांच्यातही नेमके हेच घडते.

राहिले इट्राकोनाझोल. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असते आणि ते तयार करणारे एक विकर हे औषध अडवते. त्याखेरीज ते माणसाच्या पेशींमधील 'हेजहॉग' नावाची संदेशवाहिनीही अडवते, आणि बेसल सेल कर्करोग वाढतो तो बहुतांशी याच वाहिनीच्या जोरावर. एका औषधाची दोन कामे असणे यात नवल नाही. ॲस्पिरिन ताप उतरवते आणि रक्ताच्या गुठळ्याही टाळते, म्हणून गुठळी हा एक प्रकारचा ताप आहे असे आपण म्हणत नाही.

तिसरी बाजू

'सूक्ष्मदर्शक' यांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु तो वाचून बुरशीचा आणि कर्करोगाचा काहीच संबंध नाही असा समज होईल, आणि तो तितकाच चुकीचा ठरेल.

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले अचानक दगावली. कारण कळेना म्हणून त्या रोगाला 'टर्की एक्स' म्हटले गेले. शोध घेता घेता माग लागला तो त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीचा, आणि त्या पेंडीवर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीच्या विषाचा. हेच अफ्लाटॉक्सिन. यकृतात पोहोचल्यावर आपल्याच विकरांकडून त्याचे एक आक्रमक रूप तयार होते, ते डीएनएमधील ग्वानिनला चिकटते, आणि पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या पी-५३ या जनुकात ठरावीक ठिकाणी, २४९ क्रमांकाच्या संकेतात, बदल घडवते. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला त्याचा धोका कैक पटींनी वाढतो. अफ्लाटॉक्सिन हे माणसातील सिद्ध कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. मात्र इथे बुरशी माणसाच्या शरीरात कधी शिरतच नाही. ती साठवलेल्या दमट धान्यावर वाढते आणि शरीरात येते ते फक्त तिचे विष. सोड्याच्या सुईचा तिथे काय उपयोग?

कँडिडाचीही एक बाजू आहे. काही जन्मजात विकारांत तोंडातला कँडिडाचा संसर्ग वर्षानुवर्षे हटत नाही, आणि अशा रुग्णांत तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळते. कँडिडा ॲसिटाल्डिहाइड हे डीएनएला इजा करणारे रसायन तयार करू शकते आणि सततचा दाहही असतो. म्हणून बुरशी ही काही परिस्थितीत आगीत तेल ओतणारी असू शकते, हे म्हणणे योग्य. कर्करोग म्हणजेच बुरशी, हे म्हणणे अयोग्य. धागाकर्त्यांनी दिलेली उदाहरणेही खरे तर हेच सांगतात, कारण हेलिकोबॅक्टरने होणारा कर्करोग हा जीवाणूंचा गोळा नसतो. तो रुग्णाच्याच बिघडलेल्या पेशींचा असतो.

शुश्रूषा

चर्चा वाचत होते. एक अनुभव लिहिते, जो मूळ दाव्याच्या बरोबर उलट दिशेचा आहे. माझ्या मामांच्या जिभेच्या उजव्या कडेला नखाएवढा पांढरा चट्टा होता. ज्या डॉक्टरांना प्रथम दाखवले त्यांनी तो कँडिडाचा थर म्हणून बुरशीचे थेंब दिले. चट्टा गेला नाही तेव्हा दुसरे थेंब दिले. असे चार महिने गेले. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्याने तो पुसून पाहिला. तो निघेना, तेव्हा त्यांनी तुकडा तपासायला पाठवला आणि निदान कर्करोगाचे आले. इथे कर्करोग बुरशी नव्हता, बुरशी समजला गेला होता.

त्वचाविकार

'शुश्रूषा' यांनी लिहिलेली चूक अगदी ओळखीची आहे. कँडिडाचा पांढरा थर सहसा खरवडून निघतो आणि खाली लालसर पृष्ठभाग दिसतो. न निघणारा चट्टा हा तुकडा तपासण्याचा विषय आहे. हा नियम शंभर टक्के अचूक नाही, पण दोन आठवड्यांच्या औषधाने काहीच फरक पडला नाही तर थेंब बदलून देण्यापेक्षा निदान बदलून पाहावे.

या गोंधळात नावानेही भर घातली आहे. मायकोसिस फंगॉइडिस या नावात बुरशी दोनदा आली आहे, आणि त्या रोगात बुरशी एकदाही नसते! हा त्वचेतील टी पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) लिम्फोमा, म्हणजे कर्करोग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच डॉक्टर आलिबेर यांनी त्याचे वर्णन केले. गाठी अळंबीसारख्या दिसल्या म्हणून हे नाव पडले आणि ते आजही चिकटून आहे. आरंभी त्याचे चट्टे गजकर्ण किंवा इसबासारखे दिसतात, त्यामुळे रुग्ण कित्येक वर्षे मलमे लावत राहतो. पायाच्या अंगठ्याच्या नखाखालची काळी रेघही अशीच. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते, पण ती रुंदावत असेल किंवा काळेपणा नखालगतच्या त्वचेवर पसरत असेल, तर तो मेलानोमा, म्हणजे त्वचेतील रंगपेशींचा कर्करोग, असू शकतो. नखाच्या बुरशीवर टर्बिनाफीन पायासाठी साधारण १२ आठवडे चालते. तपासणी न करता ते सुरू केले तर तेवढे आठवडे मेलानोमाला मोकळे रान मिळते.

अवांतर: स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून लोक तेच परत आणतात. त्याने गजकर्णाची कड पुसट होते, बुरशी मात्र पसरत राहते, आणि मग निदान आम्हालाही जड जाते.

उलटतपासणी

सोड्याबद्दलचा माझा मुद्दा मी मागे घेतो. काचपट्टीचे उदाहरण मला निरुत्तर करणारे आहे. तरी दोन प्रश्न राहतात. सततच्या संसर्गाने धोका वाढत असेल, तर सावधगिरी म्हणून बुरशीची औषधे अधूनमधून का घेऊ नयेत? आणि २०१९ साली 'नेचर'मध्ये आलेल्या शोधनिबंधाचे काय? स्वादुपिंडाच्या गाठींत मॅलासेझिया ही बुरशी वाढलेली आढळली आणि उंदरांना अँफोटेरिसिन बी हे बुरशीवरचे औषध दिल्यावर गाठींची वाढ मंदावली, असे त्यात होते.

तिसरी बाजू

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा विचित्र आहे: बुरशीवरच्या औषधांपैकीच काहींचा कर्करोगाशी संबंध जोडला गेला आहे. व्होरिकोनाझोल दीर्घकाळ घेतलेल्या, विशेषतः फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत, त्वचा उन्हाला अतिसंवेदनशील होते आणि स्क्वॅमस सेल कर्करोगाचे प्रमाण वाढते. जुने ग्रिसिओफल्व्हिन हे संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत आहे. पोटात घ्यायच्या किटोकोनाझोलवर यकृताच्या इजेमुळे २०१३ साली युरोप आणि अमेरिकेत कडक निर्बंध आले. ज्याला ॲस्परजिलसचा जीवघेणा संसर्ग झाला आहे त्याला व्होरिकोनाझोल द्यावेच लागते, तो सौदा फायद्याचा असतो. धडधाकट माणसाने काल्पनिक बुरशीसाठी तो का करावा? शिवाय औषधांना दाद न देणाऱ्या बुरशा वाढत आहेत; जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली १९ धोकादायक बुरशांची प्राधान्य यादी काढली, त्यामागे हेही एक कारण होते.

सूक्ष्मदर्शक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी सावध राहीन. तो निबंध गंभीर होता आणि त्यातही बुरशी म्हणजे कर्करोग असे म्हटलेले नव्हते. बुरशीमुळे रोगप्रतिकार यंत्रणेतील पूरक प्रथिने जागी होतात आणि ती गाठीच्या वाढीला हातभार लावतात, असा त्याचा तर्क होता. नंतर इतर संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासली तेव्हा त्यांना मॅलासेझियाची ती वाढ दिसली नाही. प्रश्न उघडा ठेवायला माझी हरकत नाही. अडचण अशी की मॅलासेझिया आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहते, नमुना घेणाऱ्याच्या कपाळावर आणि टाळूवरसुद्धा. गाठीत तिचा अत्यल्प डीएनए सापडला असे कोणी सांगितले, की मी आधी विचारतो: गाठीच्या नमुन्याबरोबर, बाहेरून शिरलेला डीएनए ओळखता यावा म्हणून, एक रिकामी नळी तपासणीच्या शेवटपर्यंत चालवली होती का, आणि तिच्यात काय सापडले?