उतरत्या विमानाची उंची चुकते ती नेमकी कशी?

प्रश्न – निवृत्त शिक्षक, सांगली

माझी मुलगी गेल्या वर्षापासून एका विमान कंपनीत को-पायलट आहे. मागच्या आठवड्यात एका विमानतळाकडे उतरताना कंट्रोलरने ९,००० फुटांवर थांबायला सांगितले होते. तिने रेडिओवर आकडा बरोबर परत म्हटला, पण पॅनेलवर, म्हणजे जिथे लावलेल्या उंचीपर्यंत विमान आपोआप उतरते तिथे, मात्र ८,००० लावला. कॅप्टनांच्या लक्षात येईपर्यंत विमान ३०० फूट खाली गेले होते. ते लगेच वर घेतले आणि पुढे सगळे सुरळीत झाले. तिने स्वतःहून कंपनीला लेखी कळवले, पण तेव्हापासून तिला नीट झोप नाही. दोन प्रशिक्षित माणसे शेजारी बसलेली असताना असे होते कसे? आणि लेखी कळवून तिने स्वतःचे नुकसान तर करून घेतले नाही ना?

उत्तर १ – निवृत्त एअर ट्रॅफिक कंट्रोलर, सातारा

सर, माझी नोकरीची सगळी वर्षे वैमानिकांना उंची देण्यात आणि त्यांनी परत म्हटलेले आकडे कान देऊन ऐकण्यात गेली, म्हणून सांगतो: ही चूक अज्ञानातून होत नाही. उतरण्याच्या शेवटच्या वीसेक मिनिटांत कंट्रोलर एकाच दमात दिशा, वेग आणि उंची सांगतो. हे तिन्ही आकडेच असतात, आणि त्याच वेळी फ्रीक्वेन्सी बदलायची असते, हवामान ऐकायचे असते, कधी ऐनवेळी धावपट्टीही बदलते. तोंड बरोबर बोलते आणि हात सवयीचा आकडा लावतो. काही देशांत वैमानिकाने पॅनेलवर काय लावले आहे ते कंट्रोलरला पडद्यावर दिसते. आमच्या वेळी आमच्याकडे फक्त कान होते.

यावरचा उपाय जुना आहे. एकाने आकडा लावून त्याकडे बोट दाखवायचे व मोठ्याने म्हणायचे, दुसऱ्याने तो डोळ्यांनी पाहून पुन्हा म्हणायचा, आणि ठरलेली उंची हजार फुटांवर आली की तसे बोलून दाखवायचे. पण त्यासाठी मूळ आज्ञा दोघांनीही ऐकलेली असावी लागते. म्हणून मला विचारावेसे वाटते, त्या क्षणी कॅप्टन काय करत होते?

१४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूरला उतरणाऱ्या एअरबस ए-३२० च्या अपघातात ९२ जण गेले. मिनिटाला ७०० फूट हा उतरण्याचा वेग लावायचा असताना शेजारच्या बटणाने ७०० फूट ही उंचीच लावली गेली असावी, असे चौकशीत मानले गेले. तिथली धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फुटांवर होती, यावरून त्या आकड्याचा अर्थ ध्यानात येईल. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी गावावर दिल्लीकडे येणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायचे होते. ते १४,००० पर्यंत उतरले आणि त्याच उंचीवर समोरून सौदी विमान येत होते. ३४९ माणसे गेली. त्या कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि विमान चालवणारे वेगळे, ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. त्यानंतर दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले, आणि समोरासमोर येणाऱ्या विमानांना सावध करणारे यंत्र भारतात सक्तीचे झाले.

उत्तर २ – वायुदलातील निवृत्त उपकरण तंत्रज्ञ, सांगली

आकडा बरोबर लावूनही उंची चुकू शकते, हे वरील उत्तरात जोडतो. उंची दाखवणारा आल्टिमीटर प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतो. आपण पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी पाहतो, ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. पण त्या पट्टीचे शून्यच कोणी सरकवले, तर वाचणाऱ्याला ३८ दिसतील आणि पाणी मात्र घरात आलेले असेल. विमानात ते शून्य वैमानिकाला स्वतः लावावे लागते. वर असताना सगळी विमाने १०१३ हेक्टोपास्कल हा एकच दाब धरतात, आणि खाली येताना विमानतळाने सांगितलेला स्थानिक दाब लावायचा असतो. एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे २८ फूट.

मे २०२२ मध्ये पॅरिसला एका विमानाला स्थानिक दाब १००१ ऐवजी १०११ सांगितला गेला. वैमानिकांनी ऐकला तो आकडा तंतोतंत लावला, आणि विमान पडद्यावर दिसणाऱ्या उंचीपेक्षा सुमारे २८० फूट खालून ढगात उतरत राहिले. धावपट्टी दिसेना म्हणून त्यांनी ते पुन्हा वर नेले, पण तोवर चाके जमिनीपासून अवघ्या ६ फुटांवर आली होती. तिथे कॉकपिटमधले दोघेही एकमेकांशी पूर्ण सहमत होते, म्हणून चुकीची ही जात मला अधिक भयंकर वाटते.

राहिला लेखी कळवण्याचा प्रश्न. अमेरिकेत नासा १९७६ पासून वैमानिकांचे असे कबुलीजबाब गोळा करते, नावे काढून टाकते, आणि नकळत घडलेली चूक दहा दिवसांत कळवली तर सहसा दंड होत नाही. मुलीने केले ते योग्यच केले.

प्रश्नकर्ते

दोघांचा आभारी आहे. आत्ताच तिला फोन करून विचारले. धावपट्टी बदलल्याचे त्याच मिनिटाला कळले होते आणि कॅप्टन दुसऱ्या रेडिओवर हवामान ऐकत होते. ९,००० ही आज्ञा तिने एकटीनेच ऐकली होती. तिच्या लेखी निवेदनात हे आलेले नाही. उद्या ती पुरवणी पाठवते आहे.