गावच्या नाटकातला कुठला प्रसंग अजून डोक्यातून जात नाही?

घाटावरचा_गणू
परवा मुलाला सांगत होतो, त्याला खरंच वाटेना. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, १९९४ च्या आसपासचे गणपती, ऐतिहासिक नाटक. राजा झालेला माणूस म्हणजे गावचा वायरमन. दुसऱ्या अंकात भर दरबारात लाईट गेली. अंधारात नुसत्या शिट्ट्या, मग स्टेजवरनं आवाज आला 'प्रधानजी, बॅटरी आणा' आणि हा गडी जिरेटोप, अंगरखा, तलवार सगळ्यासकट डीपीकडं निघाला, मागं अर्धं पब्लिक. फ्यूज टाकला, परत येऊन सिंहासनावर बसला आणि वाक्य जिथं तुटलेलं तिथनंच पुढं सुरू. तलवार तेवढी डीपीपाशी राहिली, ती पुढच्या प्रवेशात एका पोरानं पळत आणून दिली. तुमच्याकडचे असे किस्से टाका. मोठ्या नटांचे नकोत, गावातल्या माणसांचेच.

झाडीचा_जावई
सासर गडचिरोलीतल्या वडशाजवळ. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत 'मंडईला चला' म्हणाले तर मी पिशवी घेऊन निघालो, हसू नका, पुण्यात मंडई म्हणजे भाजीच की. तिकडं भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, आणि रात्री नाटक, दहाला सुरू झालेलं उजाडेपर्यंत चालतं, पाहुण्यांनी घरं भरलेली, सगळे चादरी-ब्लँकेट घेऊन. त्या रात्रीच्या व्हिलननं सुनेला असं काही छळलं की बाया पदराला डोळे पुसत होत्या. सकाळी तोच माणूस आमच्या ओसरीवर चहाला! सासूबाईंनी कप दिला पण तोंड फिरवून, आणि साखर घातली नव्हती असं तो नंतर हळूच मला म्हणाला.
झाडीपट्टीच्या, म्हणजे तिकडच्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीच्या, नट परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या ऑफिसात एकालाही ते कोण माहीत नव्हतं, याचा मला अजून राग आहे.

स्पष्टच_बोलतो
आता तिकडंपण मधे मधे डान्सच जास्त असतात असं ऐकलंय. जुनं ते राहिलं नाही.

झाडीचा_जावई
असतात ना, नाही कुठं म्हणतोय. पण थंडीत कुडकुडत तिकीट काढून लोक बसतात पहाटेपर्यंत, आपल्याकडं फुकट पास दिले तरी पार्किंगचं कारण सांगतात.

कुडाळकर
आमच्याकडे दशावतार. लिहिलेलं काहीच नसतं, आख्यान ठरलं की कोणी काय बोलायचं ते ज्याचं त्याने बघायचं, सेट म्हणजे एक बाकडं. एका जत्रेला राक्षसाचं काम करणारा वाटेत अडकला, गाडी बंद पडलेली. इकडे राजा आणि नारद स्टेजवर. दोघांनी पाऊण तास धर्म-अधर्मावर अशी काय जुंपली की बस, मधेच नारदाने गावच्या न झालेल्या रस्त्याचा विषय काढला, राजा म्हणतो 'आमच्या राज्यात खड्डे नाहीत, तळी आहेत'. सरपंच पुढेच बसलेले. शेवटी राक्षस आला, धापा टाकतच एंट्री, तर राजा म्हणाला 'ये, तुझ्याच रस्त्याने आलास ना?' पेटीवाला हसून हसून पेटी वाजवायचा थांबला. पहाटे दहीकाला झाला तरी लोक तेच बोलत होते.

फोंड्याची_माई
आमच्या गोव्यात देवळाच्या उत्सवाला गावातलेच लोक संगीत नाटक करतात. सौभद्र होतं, १८८२ साली पहिल्यांदा स्टेजवर आलेलं नाटक पण आमच्या म्हाताऱ्यांना अख्खं पाठ. कृष्णाचं काम करणारा अंतरा विसरला. ऑर्गनवाल्याने दोनदा सूर धरून बघितला, नाही म्हणजे नाहीच आठवत. मग पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी तिथूनच बसल्या बसल्या उचललं, मागून बाकीचे. कृष्ण हात जोडून उभा. पद संपल्यावर वन्स मोअर मिळाला, आता तो नक्की कोणाला ते देवालाच ठाऊक.

कुडाळकर
@घाटावरचा_गणू नाटकाचं नाव काय होतं हो?

घाटावरचा_गणू
खरं सांगू का, नाही आठवत. गावी फोन करून दोघांना विचारलं, ते पण म्हणाले 'ते वायरमनचं होय'.